कुजणारी पिशवी

१४ फेब्रुवारी

मशीन बसवलं. गोठ्यात. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता.

वाशिंदच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं प्रत्येक शिफ्टची नोंद लिहिली. तापमान किती, फिल्म किती किलो निघाली, भंगारात किती गेली. निवृत्त झालो तरी हात वळवळतो, म्हणून ही वही. इथे फक्त मशीनचं लिहायचं, घरचं रडगाणं नाही. तरी वही कोणाच्या हाती पडली तर त्याला उमगावं म्हणून पहिल्या पानावर थोडं सांगून ठेवतो.

मी आयुष्यभर पिशव्यांसाठी प्लॅस्टिकची पातळ फिल्म ओढली. दूध, वेफर, फरसाण, लोणचं, सगळ्याची. मागच्या उन्हाळ्यात गावची विहीर उपसली तेव्हा गाळातून दुधाची एक पिशवी वर आली. तारीख वाचता येत होती, दोन हजार सहा. आमच्याच लायनीवरची. धुतल्यावर अशी चकचकीत निघाली की परत दूध भरावं. सगळे हसले, म्हणाले अनंताचा माल एक नंबर. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मक्यापासून केलेले दाणे आता बाजारात मिळतात. त्यांची पिशवी कुजते म्हणतात. पण विकणाऱ्याला खोदून विचारलं तर म्हणतो, मोठ्या खतखड्यात, भरपूर उष्णता असेल तरच. तसा खड्डा आमच्या सिद्धगडाच्या पायथ्याला कुठला? म्हणून मी त्यात तांदळाच्या कण्यांचं पीठ मिसळणार आहे. मातीला काहीतरी ओळखीचं मिळालं तर ती बाकीचंही खाईल, असा माझा हिशेब.

आसनगावला हायवेवर मितेशचं दुकान आहे. गावोगावच्या बायकांकडून तांदळाचे पापड, नाचणीचे लाडू घेतो आणि पाकिटात भरून ठाण्यापर्यंत विकतो. त्याला अशी पिशवी हवी आहे. ती कापायला आणि शिवण मारायला गावातल्या सहा बायका लागतील, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला माझी बायको सरस्वती. ती दोन वर्षं कल्याणला आहे, मुलाकडे, पंकजकडे, नातीला सांभाळायला. 'सहा महिने' म्हणून गेली होती. पिशवी जमली की तिला यावंच लागेल. तिच्याशिवाय हे काम चालणार नाही, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.

२० फेब्रुवारी

भंगार. दिवसभर नुसतं भंगार. वितळलेल्या दाण्यांत हवा भरून केलेला फिल्मचा फुगा वर चढतो आणि फुटतो. पिठात ओल राहते, तिची वाफ होऊन भोकं पडतात. वास मात्र चांगला येतो, कण्या भाजल्यासारखा. शेजारच्या बाईजा वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावोजी, भाकर करपली काय?"

वहिनी माझ्या चुलतभावाची बायको. तो गेल्यापासून एकट्याच. माझी शेतीही त्याच बघतात, आधी त्या आणि सरस्वती मिळून बघायच्या. मी वाशिंदला खोली घेऊन राहायचो, रविवारी यायचो. नांगराला हात लावला तो लग्नाआधी.

२ मार्च

पीठ दोन दिवस उन्हात कडक वाळवलं, मग फुगा धरला. पंचवीस मीटर अखंड निघाला. एवढं अखंड काही हातून निघून बरीच वर्षं झाली.

आज पुरणी केली. बारा तुकडे, प्रत्येक हाताच्या पंजाएवढा, दोन बोटं खोल. जास्त खोल नको, कारण लोक पिशवी फेकतात, पुरत नाहीत. प्रत्येकाशेजारी बांबूची चीप खोचली, वर नंबर घातला. जागा शेताच्या खालच्या तुकड्यात, बांधाच्या कोपऱ्याला. आमच्या शेतातली सगळ्यात काळी आणि भुसभुशीत माती तिथे आहे, बोट घातलं तर आत जातं. बाकीची जमीन या दिवसांत दगड झालेली. तोच कोपरा एवढा मऊ का, कोण जाणे. जमिनीच्याही खोडी असतात.

साठ दिवसांनी उकरायचं. तोवर हात लावायचा नाही.

९ मार्च

सरस्वतीचा फोन. विशेष काही नाही. भाविका आजोबा आजोबा करते, येऊन जा म्हणाली. मी म्हटलं, मशीन सोडून कसा येऊ? ती म्हणाली, "मशीन काय रडतंय काय तुमच्यासाठी?" मग मी तिला फुग्याची जाडी सांगितली. ती ऐकत होती. नंतर म्हणाली, "बरं, तुमचं तुमी बघा," आणि फोन ठेवला. तिला तांत्रिक गोष्टींत फारसा रस नाही, पण शिकेल.

३० मार्च

पाडव्याला कल्याणला जाऊन आलो. दोन खोल्या. पंकजची रात्रपाळी असते, तो दिवसा बाहेरच्या खोलीत झोपतो. म्हणून सगळ्यांनी कुजबुजत सण केला. सून रंजिता बिचारी गुढी उभारून लगेच कामावर गेली. जेवण झाल्यावर सरस्वती मला गॅलरीत घेऊन गेली. तिथे एका वेळी दोनच माणसं उभी राहतात. मला वाटलं तिला पिशवीबद्दल ऐकायचं आहे, म्हणून मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. कण्या, ओल, पुरणी. ती समोरच्या इमारतीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "आनि दुसरं काय?" मी म्हटलं, दुसरं काय, बाकी सगळं ठीक. ती म्हणाली, "इथून आभाळ एवढंसंच दिसतं." मी म्हटलं, शहरात असंच असतं.

संध्याकाळच्या गाडीने परत. निघताना ती दारापर्यंत आली आणि लगेच आत गेली. दूध उतू जात असावं.

१९ एप्रिल

पुरणीला दीड महिना झाला. मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. वीज होती तेव्हा फिल्म ओढली, नव्हती तेव्हा बसून राहिलो. घरात कोणी बोललं नाही तर आपला आवाज आपल्यालाच परका वाटायला लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. काल मशीनशी मोठ्याने बोलत होतो. यंत्राशी बोलणारा पहिला माणूस मी नसेन.

आज गावभर धूर. लोक राब भाजतायत. भाताचं रोप जिथे टाकायचं तिथे शेणपाला पसरून पेटवायचा, दरवर्षीचंच. धुराने फिल्मवर काळे ठिपके पडायला लागले म्हणून मी गोठ्याचं दार लावून घेतलं. दुपारी वहिनी दार वाजवून काहीतरी विचारत होत्या, खालच्या तुकड्यात पेटवू का, तुमचं काय हाय का तिथं, असं काहीसं. माझा फुगा ऐन वर चढलेला. मी आतूनच ओरडलो, "पेटवा, पेटवा!" शेतीतलं मला कशाला विचारतात? त्या आणि सरस्वतीच बघत आल्यात.

आज तीस मीटर.

१ मे

गेले!

बाराच्या बारा गेले. एकही तुकडा नाही. सकाळी उजाडताच खुरपं घेऊन गेलो. बांधापासून पावलं मोजून जागा काढली, कारण चिपा कोणीतरी जळणाला नेलेल्या. लोक कशालाही हात लावतात. माती अशी काळीभोर आणि मऊ, राखेसारखी. वीतभर खोल गेलो, चाळणीने चाळली, तीनदा. काही नाही. दोन-तीन काळे टणक मणी सापडले, ज्वारीएवढे, ते कसल्या तरी बिया समजून फेकून दिले. साठ दिवसांत मातीने सगळं खाल्लं! मोठ्या कंपन्यांची माणसं सहा महिने म्हणतात. मी तिथेच बांधावर बसलो आणि मोठ्याने हसलो. वहिनी तिकडून पाण्याची कळशी घेऊन येत होत्या, थांबल्या. मी त्यांना बोलावून रिकामी माती दाखवली. त्या बघत राहिल्या. मातीकडे, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "बरं झालं भावोजी," आणि गेल्या. शेतकऱ्याला या गोष्टीचं मोल काय कळणार?

लगेच सरस्वतीला फोन लावला. हे बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण आज आमच्या घराचं भाग्य फिरलं.

"कुठं पुरलं व्हतं?" तिने विचारलं.

"खालच्या तुकड्यात, बांधाच्या कोपऱ्याला."

ती मग म्हणाली, "बाईजानं राब कवा भाजला औंदा?"

"मला काय ठाऊक? दहा-बारा दिवस झाले असतील. त्याचं इथे काय?"

यावर ती हसायला लागली. एवढी हसली की भाविकाही मागे हसताना ऐकू आली. तिला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. मग म्हणाली, "लय खूश हाव ना तुमी?" मी म्हटलं, आयुष्यात एवढा नव्हतो. ती म्हणाली, "मग मी येते. जूनच्या एक तारखेला. हितली सोय लावते आनि येते, कायमची."

कायमची म्हणाली. मी पिशवीबद्दल अजून सांगणार होतो, पण फोन ठेवून आधी कॅलेंडरवर एक जूनला गोल केला.

४ मे

मितेशला आसनगावला जाऊन सांगितलं. त्याने टेबलावर हात मारला. "काका, काय बोलता! आता बघाच तुमी." लगेच छपाईवाल्याला फोन. पाकिटावर हिरवं पान आणि खाली 'साठ दिवसांत मातीत मिसळते'. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी म्हटलं, आधी सरकारी सर्टिफिकेट लागेल. तो म्हणाला, ते मागाहून बघू, तोवर गावठी माल गावठी पाकिटात. मीही फार ताणलं नाही. एक तारीख डोळ्यांसमोर होती.

११ मे

मशीन बंद. घर आवरतोय.

स्वयंपाकघराला चुना दिला. तिची कढई काळी पडली होती, ती चिंचेने घासली. न्हाणीचं दार खालून कुजलं होतं, नवीन फळी ठोकली. उंबऱ्याजवळची फरशी हलायची आणि ती रोज म्हणायची, एक दिवस पडेन मी. ती फरशी बसवायला मला अकरा वर्षं लागली आणि आज पाऊण तास. तिच्या गादीला ऊन दाखवलं. वहिनी येऊन सगळं बघून गेल्या. बसल्या, उठल्या, परत बसल्या. "सरूबाय येतेय ती पिशव्यांसाठीच येतेय काय?" असं विचारलं. मी म्हटलं, नाही तर कशाला? इथे दुसरं आहे काय?

१८ मे

हे लिहायला हात धजत नाही, पण नोंद म्हणजे नोंद.

मितेशला फोटो हवे होते म्हणून दुसरी पुरणी करायला खालच्या तुकड्यात गेलो. तीच जागा, तीच माती. वहिनी धावत आल्या.

"तिथं नका पुरू भावोजी. रोप टाकायचं हाय तिथं, रोहिण्या निघाल्या की."

"दहा दिवस राहू द्या वहिनी. ही माती लय भारी आहे. मागच्या वेळी बघितलंत ना, काही उरलं नाही."

त्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "उरंल कसं? राब नाय काय भाजला मी तिथं? दर वरसी तिथंच भाजतो आमी. तुमची पिशवी कुजली नाय भावोजी. जळली ती. चिपा पन जळल्या. मी विचारलं व्हतं तुमाला, तुमी आतून पेटवा बोललात."

मला ते काळे मणी आठवले. वितळून गोळा झालेलं प्लॅस्टिक. अठ्ठावीस वर्षं मशीनच्या तोंडातून तसले मणी खरवडून काढले आणि शेतात ओळखले नाहीत. आणि ती माती मऊ का, तर पिढ्यान् पिढ्या तिथे राब भाजला जातो म्हणून. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि माझे तर बैलही विकलेले.

मी विचारलं, "मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

वहिनी म्हणाल्या, "तुमी हसत व्हते. सरूबाय गेल्यापासनं तुमाला हसताना बघितलं नाय कोणी. मला तोंड उघडवेना. मग बोलले, आज सांगू, उद्या सांगू."

त्यांच्यावर रागवायला हवं होतं. राग आला नाही. लाज वाटली. एवढं सगळ्या गावाला दिसत होतं तर.

घरी येऊन सरस्वतीला फोन केला. आधीच चुना दिलेल्या घरात तिला फसवून आणायचं नव्हतं. सरळ सांगितलं, पिशवी जमली नाही, चूक झाली माझी, काम उभं राहत नाही. तू येऊ नकोस.

ती म्हणाली, "येऊ नको?"

म्हटलं, "काय करशील येऊन? इथे काम काही नाही."

"बरं," म्हणाली.

एवढंच. कारणही विचारलं नाही. नाराज झाली असणार. आशा लावून तोडली की माणूस नाराज होतो.

२० मे

मितेशला खरं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. पाकिटं छापून आली होती. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "काका, हे कोणाला सांगितलंत?" म्हटलं, तुला. "मग बास. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाकीट घेऊन कोण शेतात पुरून, साठ दिवस मोजून, उकरून बघतंय?"

मी म्हटलं, विहिरीच्या गाळात अठरा वर्षांनी बघतात.

तो चिडला नाही, तेच वाईट. हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमच्यासारखी माणसं धंद्याला नाय." बरोबर बोलला. मी त्याच्याकडे दिलेले फिल्मचे रोल परत आणले. नवे बारा तुकडे केळीच्या आळ्यात पुरले आहेत. तिथे न्हाणीचं पाणी जातं आणि कोणी काही भाजत नाही. साठ दिवस नाही, दिसेल तेव्हा दिसेल.

२५ मे

काही नाही. वहिनींनी भाकर आणि सुकटीची चटणी आणून दिली. उंबऱ्याजवळची फरशी आता हलत नाही. पाय पडला की उगाच वाईट वाटतं.

२९ मे

रंजिताचा फोन. ती मला कधी फोन करत नाही. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत केला असावा, मागे डबे वाजत होते.

"बाबा, रागावू नका, पण तुम्ही आईंना काय बोललात? दहा दिवस झाले, त्या धड बोलत नाहीत."

मी सगळं सांगायला लागलो, पिशवी, राब. तिने मध्येच थांबवलं.

"ते आम्हाला ठाऊक आहे. आईंनी त्याच दिवशी सांगितलं, तुमचा पहिला फोन आला तेव्हा. ह्यांनी राबात प्लॅस्टिक पुरलंय आणि कुजलं म्हणून नाचतायत, असं म्हणाल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"तिला ठाऊक होतं? मग येते कशाला म्हणाली?"

मोठ्यांशी असं बोलायची रंजिताला सवय नाही. मग म्हणाली, "बाबा, त्यांनी त्याच दुपारी बॅग भरायला घेतली. मी पाळणाघरात भाविकासाठी जागा धरली, एक तारखेपासून. आणि मग तुमचा दुसरा फोन आला. आई मला म्हणाल्या, पाळणाघरवालीला नको म्हणून सांग, त्यांना मी तिथं नको हाय."

'त्यांना मी तिथं नको हाय.' हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं. तिच्या आवाजातच ऐकू येतं.

मशीनची नोंद नाही.

३१ मे

सकाळच्या गाडीने कल्याण. मुरबाडपर्यंत काय बोलायचं ते घोकत होतो. मुरबाडनंतर सगळं विसरलो.

दार सरस्वतीने उघडलं, कडेवर भाविका. पंकज बाहेरच्या खोलीतच झोपलेला. ती नुसती बाजूला झाली. मी तिच्यामागून ओट्याजवळ गेलो. ती तांदूळ निवडायला बसली, मीही समोर बसलो. भाविकाने माझ्या खिशातला चष्मा काढून घेतला.

मी हळू आवाजात म्हटलं, कारण पोरगा झोपलेला, "मी तुला पिशवीसाठी ये म्हणत नव्हतो गो."

"मग कशासाठी?"

"घर खायला उठतं. मला एकट्याला राहवत नाही. पिशवी राहू दे. तू ये."

तिचे हात थांबले. म्हणाली, "हे कवा सुचलं?"

"तू गेलीस त्याच आठवड्यात."

"मग दोन वरसं तोंडाला काय झालतं?" आवाज चढला तसा तिने दाराकडे पाहून परत खाली केला. "तुमी फोन केला की पिशवी. पाडव्याला आलात तर पिशवी. मला वाटलं, ह्यांना कामाला बाई पायजे. तरी बोलले, जाऊ दे, मानूस खूश हाय तर जाऊन बसू त्याच्यापाशी. पिशवी जळली तर जळली. तर तुमी बोललात, येऊ नको, इथं काम नाय."

मी म्हटलं, चुकलो. असं मी तिला आधी कधी म्हटलं होतं का, आठवत नाही. ती तांदळात बोटं फिरवत रडली आणि मी समोर बसून राहिलो. भाविका चष्मा घालून दोघांकडे बघत होती.

मग मी म्हटलं, "चल तर. आजच."

ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "आता कशी येऊ? पाळणाघरातली जागा गेली. दुसऱ्याचं पोर घेतलं त्यांनी. दिवाळीनंतर बघू बोलतात. रंजिताची नोकरी आताच कायम झालीय. तिला कशी टांगून ठेवू?"

माझ्या एका फोनने दिवाळीपर्यंतची वाट झाली. दुसऱ्या कोणावर ढकलायला जागाच नाही. मी म्हटलं, मग मी राहतो इथे. तिने त्या दोन खोल्यांवरून नजर फिरवली, मीही फिरवली. आणि परवा वहिनींबरोबर रोप टाकायला येतो म्हणून मी शब्द दिला आहे. त्या एकट्याच आहेत. सरस्वती म्हणाली, "तिला एकटीला नका टाकू. जा तुमी."

दुपारी ती मला सोडायला एसटी स्टँडवर आली, भाविकाला घेऊन. आजवर दारातून निरोप द्यायची. मुरबाडची गाडी लागलेली होती. सरस्वती म्हणाली, "गर्दी हाय, पुढची घ्या." गाडीत मोजून सात माणसं होती. दुसरी आली, ती तिला खटारा वाटली. तिसरीकडे दोघांनीही बघितलं नाही आणि ती गाडी निघून गेली. चौथीला भाविका माझ्या खांद्यावर झोपलेली होती, तिला उठवून कसं चालेल? आम्ही बाकावर बसून होतो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. वहिनींच्या गुडघ्याचं, विहिरीच्या पाण्याचं, उंबऱ्याजवळच्या फरशीचं. फरशी बसवली म्हटल्यावर ती म्हणाली, "खोटं."

पाचव्या गाडीत चढलो. खिडकीशी जागा मिळाली. ती भाविकाचा झोपलेला हात धरून हलवत होती.

दिवेलागणीला घरी पोचलो आणि फोन लावला. तिने विचारलं, "जेवलात?"

एरवी हो म्हणालो असतो. म्हटलं, "नाही. एकट्याला जेवावंसं वाटत नाही."

ती म्हणाली, "मग वाढून घ्या. मी हाय."

फोन ताटाशेजारी ठेवला. ती तिकडे भाविकाला भरवत होती. मधूनच म्हणायची, "भात घेतलात?" मी म्हणायचो, घेतला. माझं जेवून, ताट धुऊन होईपर्यंत तिने फोन ठेवला नाही.